मराठवाड्याच्या पाण्यात छोटे शोभेचे मासे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणीत राहून टाकीत मासे ठेवतो म्हटल्यावर ओळखीचे आणि अनोळखी लोक काही ना काही विचारत राहतात, आणि त्यांतले बहुतेक प्रश्न वर्षानुवर्षे तेच असतात. मार्च लागला की उन्हाळ्याचे, पावसाळ्यात गढूळ पाण्याचे आणि दिवाळीच्या तोंडावर ‘आठ दिवस गावाला जायचे आहे, काय करू?’ असे. त्या प्रश्नांची ही जुळणी आहे. या छंदाबद्दल जो सल्ला सर्वत्र मिळतो, तो बहुधा मऊ पाण्याच्या आणि सौम्य हवेच्या मुलखाला धरून दिलेला असतो. आपले पाणी जड (कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असलेले) आणि उन्हाळा कडक असल्यामुळे, माशासाठी पाणी बदलत बसण्यापेक्षा पाण्याला मानवेल असा मासा निवडावा, या मताने पुढील उत्तरे लिहिली आहेत.

१. पहिल्यांदाच मासे पाळायचे आहेत. कोणत्या माशांपासून सुरुवात करावी?

गप्पी, प्लॅटी, मॉली आणि झेब्रा डॅनिओ या चार माशांपैकी कोणतेही दोन प्रकार घ्यावेत. गप्पी, प्लॅटी आणि मॉली हे अमेरिका खंडातील उष्ण भागांतले, अंडी न घालता थेट पिल्ले देणारे मासे आहेत आणि जड, किंचित अल्कधर्मी पाणी त्यांना केवळ चालतेच असे नव्हे, तर आवडते. झेब्रा डॅनिओ हा तर भारतीय उपखंडातलाच मासा असून १८२२ मध्ये हॅमिल्टन यांनी गंगेच्या खोऱ्यातील माशांसोबत त्याचे वर्णन केले होते. ऊन-थंडीचे चढउतार सोसण्यात त्याची बरोबरी करणारे छोटे मासे थोडेच आहेत.

दुकानात मात्र नवख्या माणसाला बहुधा गोल्डफिश दिला जातो. तो दिसायला गोंडस आणि स्वस्त असला, तरी छोट्या माशांच्या पंगतीत बसणारा नव्हे. नीट वाढला तर तो पंधरा-वीस सेंटीमीटरपर्यंत जातो, दहा वर्षांहून अधिक जगू शकतो, पाणी फार घाण करतो आणि मूळचा थंड पाण्यातला असल्यामुळे मे महिन्यात सर्वांत आधी धापा टाकू लागतो. ‘बेबी शार्क’ म्हणून विकले जाणारे पंगासियसचे पिल्लू तर मोठेपणी एक मीटरच्या पुढे जाते. निळ्या-लाल पट्ट्यांच्या निऑन टेट्रा या छोट्या माशाविषयी प्रश्न १९ पाहावा.

२. टाकी केवढी घ्यावी? गोल काचेच्या भांड्यात मासे राहत नाहीत का?

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी टाकी घ्यावी. एका घनफुटात सुमारे २८ लिटर पाणी मावते, म्हणजे या टाकीची क्षमता ५६ लिटर होते आणि वाळू-दगड व वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्षात ४५ लिटरच्या आसपास पाणी राहते. नवख्याला लहान टाकी सोपी वाटते, परंतु अनुभव उलटा आहे. पाणी जितके कमी, तितके ते लवकर तापते, लवकर गार होते आणि लवकर बिघडते. गोल भांड्यात दोन-तीन लिटर पाणी असते, फिल्टरला जागा नसते, आणि काठोकाठ भरले की तोंड निमुळते असल्याने हवेशी येणारा पृष्ठभागही लहान होतो. मासा त्यात काही आठवडे जिवंत राहतो, म्हणून ते चालते असा समज झाला आहे.

भरलेली टाकी ६०-७० किलोंची होते, तेव्हा ती स्टुलावर ठेवू नये. खाली थर्माकोलचा तुकडा घालावा आणि पश्चिमेच्या भिंतीला ती टेकवू नये, कारण दुपारनंतर तापलेली ती भिंत रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत असते.

३. दोन फुटी टाकीत किती मासे ठेवता येतात?

सात-आठ झेब्रा डॅनिओ आणि पाच-सहा नर गप्पी, एवढे पुरे. लिटरमागे माशाची एक सेंटीमीटर लांबी असा ढोबळ हिशेब छोट्या सडपातळ माशांपुरता ठीक आहे, पण त्यात आजची नव्हे, तर पूर्ण वाढीनंतरची लांबी धरायची असते. झेब्रा डॅनिओ थव्याने राहणारा मासा असल्याने दोन-तीनच घेतले तर ते एकमेकांना हैराण करतात. नर-मादी गप्पी एकत्र ठेवल्यास हा सगळा हिशेब तीन महिन्यांत मोडतो (प्रश्न १४ पाहावा).

४. आमच्याकडे बोअरचे पाणी आहे आणि टीडीएस मीटर ८०० दाखवतो. यात मासे जगतील का?

प्रश्न १ मधील मासे जगतील आणि पिल्लेही देतील. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोतच नसेल तेव्हाची मर्यादा २००० मिलिग्रॅम आहे. आपल्या बसाल्ट खडकातील बोअरचे पाणी पुष्कळदा या दोन आकड्यांच्या मध्येच सापडते. टीडीएसचा आकडा क्षार किती आहेत एवढेच सांगतो, ते कोणते आहेत हे सांगत नाही. कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे आकडा चढलेला असेल, तर गप्पी-मॉलीला काही त्रास नाही. शेताच्या कडेच्या उथळ विहिरीत मात्र खतांमुळे नायट्रेट वाढलेले असू शकते आणि ते टीडीएस मीटरवर वेगळे दिसत नाही. त्यासाठी नायट्रेटची पट्टी वापरावी.

बोअरचे पाणी थेट टाकीत सोडू नये, कारण खोलवरून आलेल्या पाण्यात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असू शकतो. बादलीत भरून रात्रभर एअर पंपाचा बुडबुडे सोडणारा दगड त्यात सोडून ठेवला, की विरघळलेले वायू हवेशी जुळतात आणि पाण्याचा पीएच (आम्ल-अल्क गुणाचा आकडा) स्थिरावतो.

एक सूचना सजावटीबद्दल. नदीतला काळा दगड आणि गारगोटी धुऊन घातली तरी चालते, पण शहाबादी फरशीचे तुकडे आणि संगमरवरी खडे घालू नयेत. ते चुनखडीच्या जातीचे असल्याने आधीच जड असलेले पाणी आणखी जड करतात. शंका असल्यास दगडावर लिंबू पिळावे, आणि फेस आला तर तो दगड कुंडीत ठेवावा.

५. आमच्याकडे नळ आठ-दहा दिवसांनी येतो, मध्ये टँकर घ्यावा लागतो. पाणी कसे सांभाळावे?

येथे दोन वेगळ्या अडचणी आहेत. पहिली क्लोरीनची. पुरवठ्याच्या पाण्यात निर्जंतुकीकरणानंतर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरावे अशी अपेक्षा असते. माणसाला निर्धोक असलेले हे प्रमाणही माशांच्या कल्ल्यांना झोंबते. गावच्या विहिरीत किंवा टँकरमध्ये टीसीएल (ब्लीचिंग) पावडर अंदाजाने टाकली जाते तेव्हा तर प्रमाण कितीही असू शकते. हौदात किंवा उघड्या पिंपात आठ दिवस साठलेल्या पाण्यात क्लोरीन बहुधा उरत नाही, पण आजच आलेले पाणी वापरायचे असल्यास ते चोवीस तास उघडे ठेवून हलवत राहावे, किंवा सोडियम थायोसल्फेट असलेले क्लोरीननाशक थेंब बाटलीवर लिहिलेल्या मात्रेत घालावेत. नगरपालिकेच्या पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचे संयुग) असेल, तर ते नुसते ठेवून उडत नाही. तेथे थेंबच लागतात.

दुसरी अडचण कमी बोलली जाते. प्रत्येक टँकर वेगळ्या विहिरीवर भरलेला असू शकतो, त्यामुळे मागच्या खेपेला ४०० असलेला टीडीएस या खेपेला ११०० निघतो. माशाचे शरीर बाहेरच्या क्षारांशी सतत तोल साधत असते, आणि तो तोल तासाभरात बदलायला लावला तर कणखर मासाही आजारी पडतो. म्हणून टँकरच्या दिवसांत एका वेळी टाकीच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी बदलू नये आणि प्रत्येक खेपेला मीटर बुडवून पाहावा. टीडीएस मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. टाकीच्या सजावटीआधी तो घ्यावा.

६. मग सरळ आरओच्या जारचे पाणी भरले तर सगळेच प्रश्न मिटतील ना?

मिटणार नाहीत, नवे उभे राहतील. आरओमध्ये क्षारांबरोबर पीएच स्थिर ठेवणारे कार्बोनेटही निघून जातात, त्यामुळे अशा पाण्याच्या टाकीत पीएच काही आठवड्यांत घसरू शकतो. गप्पी-मॉली अशा पाण्यात पंख मिटून, जागच्या जागी डुलत राहतात. निव्वळ आरओचे पाणी फक्त एका कामासाठी उत्तम आहे, ते म्हणजे उन्हाळ्यात आटलेली पातळी भरून काढणे. टाकीतून वाफ होऊन जाते ती पाण्याची, क्षार मागेच राहतात. आटलेल्या जागी पुन्हा पुन्हा बोअरचे पाणी ओतले, तर एप्रिलमधला ८०० चा आकडा जूनपर्यंत १२०० वर पोहोचलेला आढळतो. पावसाचे पाणी स्वच्छ पिंपात धरले असल्यास तेही चालते, मात्र पहिल्या एक-दोन पावसांचे पत्र्यावरचे पाणी वाहून जाऊ द्यावे.

७. टाकी भरली, दुसऱ्या दिवशी मासे सोडले आणि आठवड्याभरात एकेक करून सगळे गेले. पाणी तर काचेसारखे होते. काय चुकले?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो. मुरलेल्या, म्हणजे काही आठवडे चालू असलेल्या, टाकीत जिवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो. अमोनिया आणि नायट्राइट विषारी, तर नायट्रेट त्या मानाने सौम्य असते. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर वस्ती करतात आणि ती वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नव्या टाकीत जिवाणू नसतात, विष रोज साचत जाते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

आपल्याकडे यात आणखी एक गोम आहे. पाण्यातल्या एकूण अमोनियापैकी घातक स्वरूपातला भाग पीएचनुसार बदलतो. पंचवीस अंशांवर पीएच ७ असताना तो जेमतेम अर्धा टक्का असतो, पीएच ८ असताना पाच टक्क्यांच्या वर जातो, आणि तापमान वाढले की आणखी वाढतो. जड पाण्याचा पीएच बहुधा आठच्या आसपास असतो. म्हणजे तेवढ्याच चुकीची शिक्षा आपल्या पाण्यात दहापट कडक होते.

उपाय सोपा आहे, फक्त धीर लागतो. दुधाला विरजण लावतात तसे टाकीलाही विरजण लावावे. कोणा मित्राच्या जुन्या, निरोगी टाकीतील फिल्टरचा स्पंज त्याच टाकीच्या पाण्यात भिजलेला आणून आपल्या फिल्टरमध्ये बसवावा आणि त्याच दिवशी तीन-चार मासे सोडावेत. विरजण मिळाले नाही, तर माशांविना फिल्टर चालू ठेवून रोज चिमूटभर खाद्य टाकत राहावे, आणि तपासणी संचावर अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागल्यावरच मासे आणावेत.

८. छत्रपती संभाजीनगरहून बसने मासे आणतो. पिशवीतून टाकीत कसे सोडावेत?

तीन-चार तासांच्या प्रवासापर्यंत नेहमीची पद्धत पुरते. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवून तापमान जुळवावे, मग दर पाच मिनिटांनी वाटीभर टाकीचे पाणी पिशवीत घालावे आणि अर्ध्या-पाऊण तासाने मासे जाळीने उचलून टाकीत सोडावेत. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये.

रात्रभर प्रवास करून आलेल्या पिशवीचे गणित वेगळे असते. बंद पिशवीत अमोनिया साचलेला असतो, पण कार्बन डायऑक्साइडमुळे पीएचही खाली गेलेला असतो, म्हणून तो अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडताच वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया घातक होतो. अशा माशांना उघड्या पिशवीत तासभर ताटकळत ठेवणे हा काळजीपोटी केलेला अपाय ठरतो. बंद पिशवीत तापमान जुळले की उघडून लगेच मासे काढून घ्यावेत. टीडीएसमध्ये फार तफावत असेल, तर टाकीच्या पाण्यात आरओचे पाणी मिसळून भरलेल्या वेगळ्या टबात त्यांना ठेवावे आणि दोन-तीन दिवसांत हळूहळू टाकीच्या पाण्यावर आणावे. नवे मासे दोन ते चार आठवडे वेगळे ठेवणे एरवीही शहाणपणाचे असते.

९. दर महिन्याला टाकी रिकामी करून, वाळू-फिल्टर साबणाने घासून उन्हात वाळवतो. तरी मासे का मरतात?

तसे करता म्हणूनच मरतात. प्रश्न ७ मध्ये सांगितलेली जिवाणूंची वस्ती त्या दिवशी संपते आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. आठवड्यातून एकदा पाचवा हिस्सा पाणी नळीने तळाची घाण ओढत काढावे, तेवढेच मुरवलेले (प्रश्न ४-५ प्रमाणे आधी तयार ठेवलेले) पाणी घालावे, आणि फिल्टरचा स्पंज काढलेल्या त्याच पाण्यात दोन-तीनदा पिळून परत लावावा. साबण टाकीच्या आसपासही येऊ देऊ नये.

१०. माणसांना प्यायला पाणी नसताना मासे पाळणे बरे दिसते का?

२०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या भागातून हा प्रश्न येणारच, आणि तो टाळण्यासारखा नाही. हिशेब असा की ४५ लिटरच्या टाकीचा पाचवा हिस्सा म्हणजे आठवड्याला नऊ लिटर, एका घागरीहूनही कमी. हे पाणी वाया जात नाही, त्यातले नायट्रेट झाडांना खत म्हणून लागू पडते आणि तुळस, कढीपत्ता, गुलाब त्यावर चांगले पोसतात. कुंड्यांना घालायचेच पाणी आधी टाकीतून फिरवून आणले, तर जादा खर्च फक्त वाफेचा राहतो. तरीही चार फुटी टाकी आणि हंडाभर पाण्यासाठी रांग, हे एका घरात असू नये असे माझे मत आहे.

११. एप्रिल-मेमध्ये टाकीचे पाणी ३४ अंशांवर जाते. मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. काय करावे?

हे दृश्य एकदा नीट पाहिले की विसरत नाही. मेच्या एका दुपारी तीनच्या सुमारास घरच्या टाकीतले सगळे प्लॅटी पृष्ठभागाखाली ओळीने तिरपे टांगल्यासारखे दिसले. तोंडे वर, शेपट्या खाली, कल्ल्यांची झाकणे भराभर हलत होती, आणि दाणे टाकले तरी एकही मासा वळला नाही. तापमापक ३४ दाखवत होता. मासे भुकेने वर आलेले नसतात, प्राणवायूसाठी आलेले असतात. वीस अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तीस अंशांना सुमारे साडेसात, आणि नेमक्या याच वेळी उष्णतेमुळे माशाची गरज वाढलेली असते.

म्हणून पहिला उपाय गारव्याचा नव्हे, हवेचा. एअर पंप पूर्ण क्षमतेने चालवावा, फिल्टरचे तोंड पृष्ठभाग खळबळेल असे वर करावे आणि त्या दिवशी खाद्य देऊ नये. मग टाकीचे झाकण काढून जाळी लावावी आणि छोटा टेबल फॅन पृष्ठभागावर तिरपा सोडावा. माठ आणि कूलर ज्या तत्त्वावर चालतात त्याच तत्त्वावर, वाफ होताना पाणी उष्णता गमावते, आणि आपला मे कोरडा असल्यामुळे तापमान दोन ते चार अंशांनी उतरते. जूनमध्ये हवा दमट झाली की हाच पंखा तितका उपयोगी पडत नाही. पंख्यामुळे पातळी झपाट्याने उतरते. ती कोणत्या पाण्याने भरायची ते प्रश्न ६ मध्ये सांगितले आहे.

बर्फाचे खडे पाण्यात टाकू नयेत. फारच गरज असेल तर पाण्याची गोठवलेली बंद बाटली तरंगत ठेवावी आणि तासाला एक-दोन अंशांपेक्षा जास्त उतार होऊ देऊ नये. पत्र्याच्या घरात दुपारी ३४ आणि पहाटे २७ असा हेलकावा रोज बसण्यापेक्षा दिवसभर एकसारखे ३१ अंश गप्पींना अधिक सोसतात. मार्चमध्ये नवे मासे आणू नयेत. खरेदीला ऑगस्ट ते नोव्हेंबर हा काळ चांगला.

१२. वीज चार-पाच तास जाते. तेवढ्यात मासे मरतील का?

टाकीत गर्दी नसेल आणि पाणी तीस अंशांच्या आत असेल, तर मरत नाहीत. उन्हाळ्यात मात्र दर वीस-पंचवीस मिनिटांनी तांब्याभर पाणी काढून फूटभर उंचीवरून परत टाकीत ओतत राहावे. एअर पंप जेमतेम तीन-चार वॅट वीज घेतो, तेव्हा इन्व्हर्टर असल्यास त्याची पिन तिथेच लावावी. धोका वीज आल्यावरही असतो. बंद डब्याच्या फिल्टरमधले जिवाणू प्राणवायूविना काही तासांत मरू लागतात आणि फिल्टर सुरू होताच ती घाण टाकीत येते. म्हणून वीज जास्त वेळ गेली असेल, तर स्पंज टाकीच्या पाण्यात पिळून मगच फिल्टर सुरू करावा.

१३. आपल्याकडे हीटर लागतो का?

वर्षातले नऊ-दहा महिने लागत नाही. परंतु डिसेंबर-जानेवारीत परभणीत काही रात्री पारा दहा अंशांच्या खाली उतरतो आणि टाकी वीस अंशांच्या खाली जाते. झेब्रा डॅनिओ ते सहज सोसतो, गप्पी मलूल होतात, फायटर (बेट्टा) मासा तर तळाशी पडून राहतो. ४५ लिटरला ५० वॅटचा, तापमान आपोआप राखणारा हीटर पुरतो. पाणी बदलताना त्याची पिन आधी काढावी, कारण पाण्याबाहेर तापलेली काच पाणी लागताच तडकते.

१४. गप्पींची पिल्ले इतकी झाली आहेत की ठेवायला जागा नाही. विहिरीत सोडली तर चालतील का?

गप्पीची मादी साधारण महिन्याला एकदा पिल्ले देते आणि नराचे बीज अनेक महिने शरीरात साठवून ठेवते, त्यामुळे नर वेगळे काढल्यानंतरही पिल्ले येत राहतात. ज्यांना पिल्ले नको असतील, त्यांनी आरंभापासून केवळ नर ठेवावेत. नर लहान आणि रंगीत, शेपूट झुबकेदार. मादी मोठी, फिकट, शेपटीच्या अलीकडे गडद डाग असलेली. दोन्ही हवे असतील, तर एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवाव्यात, नाहीतर नर माद्यांना दमवून टाकतात.

विहिरीचे म्हणाल, तर डासांच्या अळ्या खातात म्हणून हिवताप विभागाचे कर्मचारी गप्पी हौद, टाक्या आणि साचलेल्या पाण्यात सोडतात, हे खरे आहे. आपल्या अंगणातल्या बंदिस्त हौदात चार गप्पी सोडायला हरकत नाही. ओढा, नदी किंवा तलावात मात्र सोडू नयेत, कारण गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग आणि त्रिनिदादकडचा आहे (१८६६ मध्ये तेथून नमुने पाठवणाऱ्या रॉबर्ट जॉन लेचमेर गप्पी यांचे नाव त्याला चिकटले), आणि इथल्या छोट्या माशांच्या वाट्याचे अन्न तो बळकावतो. पिल्ले कोणाला द्यायची असल्यास हिवताप विभागाच्या कर्मचाऱ्यांना विचारावे. ते पुष्कळदा आनंदाने नेतात.

१५. खायला काय आणि किती द्यावे? आठ दिवस गावाला गेलो तर?

दिवसातून एकदा किंवा दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच बारीक दाणे द्यावेत. पोळीचे तुकडे, मुरमुरे, बिस्किटे देऊ नयेत. मासे ती खातात, पण पाणी नासते. आठवड्यातून एक दिवस उपास ठेवावा. डासांच्या अळ्या हे उत्तम जिवंत खाद्य आहे, मात्र एका वेळी फस्त होतील तेवढ्याच गाळून द्याव्यात आणि अळ्यांचे भांडे मुद्दाम भरून ठेवू नये, नाहीतर माशांना मेजवानी आणि गल्लीला डेंग्यू होतो.

निरोगी मोठे मासे पाच-सात दिवस खाद्याविना सहज राहतात. मासे उपाशी मरण्यापेक्षा शेजाऱ्यांच्या मुलाने प्रेमाने ओतलेल्या डबीभर खाद्याने मरण्याचे प्रसंग मी जास्त पाहिले आहेत. कुणावर सोपवणारच असाल, तर रोजच्या पुड्या बांधून द्याव्यात आणि डबी कपाटात ठेवावी.

१६. अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके आले आहेत. खडे मीठ टाकू का?

हा इक नावाचा परजीवी आहे. तो त्वचेखाली असेपर्यंत औषध त्याला लागत नाही. गळून पडून पाण्यात पोहू लागल्यावरच लागते, म्हणून दोन दिवसांत ठिपके गेले तरी उपचार थांबवू नये. लिटरला एक ग्रॅमपासून सुरुवात करून दोन-तीन दिवसांत दोन ग्रॅमपर्यंत मीठ वेगळ्या पाण्यात विरघळवून घालावे, तापमान २९-३० अंशांवर ठेवावे, हवा वाढवावी आणि शेवटचा ठिपका गेल्यावरही चार दिवस तसेच राहू द्यावे. मॉली-गप्पीला मीठ मानवते; कोरीडोरस (तळाशी राहणारे छोटे कॅटफिश) आणि टेट्रा यांना निम्म्या मात्रेहून जास्त देऊ नये. मिथिलीन ब्लू वापरायचे असल्यास वेगळ्या टबात वापरावे, कारण ते फिल्टरच्या जिवाणूंनाही मारते.

१७. सकर फिश ठेवला तर टाकी आपोआप साफ राहते, हे खरे का?

नाही. तो थोडे शेवाळ खातो आणि त्याहून कितीतरी जास्त विष्ठा करतो. बोटाएवढा आणलेला सकर फूटभर होतो, दोन फुटी टाकीत त्याला वळताही येत नाही, आणि मग लोक त्याला धरणात नेऊन सोडतात. देशातल्या अनेक नद्या-जलाशयांत तो अशाच रीतीने पसरला असून काटेरी खवल्यांमुळे मच्छीमारांची जाळी फाटतात. नाथसागरात तो सोडण्याचे पाप कोणी करू नये. टाकीत नको झालेला मासा दुकानदाराला परत द्यावा.

१८. पाणी तपासले, सगळे ठीक होते, तरी तासाभरात सगळे मासे तडफडून मेले. असे कशाने होते?

पाण्यात बिघाड नसताना सगळ्या जातींचे मासे एकदमच गेले, तर आधी विषाचा संशय घ्यावा. डास-झुरळे मारण्याच्या फवाऱ्यात पायरेथ्रॉइड गटाची रसायने असतात. माणसाला त्या मानाने सौम्य असलेली ही रसायने माशांना अत्यल्प प्रमाणातही मारक ठरतात. फवारा शेजारच्या खोलीत मारला, तरी एअर पंप तिथली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. माझ्या घरी एका संध्याकाळी असेच अकरा डॅनिओ गेले, आणि फवारा मीच मारला होता. खोलीत फवारणे अटळ असेल, तर पंप बंद करून टाकीवर ओले जाड कापड पसरावे आणि हवा खेळती झाल्यावरच पंप सुरू करावा.

शेतकरी घरांत याचेच दुसरे रूप दिसते. कापूस-सोयाबीनची फवारणी करून आल्यावर हात धुतले असले, तरी त्या दिवशी हात टाकीत घालू नये, आणि औषधाचा रिकामा डबा कितीही विसळला असला, तरी तो पाणी भरण्यासाठी वापरू नये.

१९. सगळे मान्य, पण आम्हाला निऑन टेट्राच हवेत. काहीच मार्ग नाही का?

मार्ग आहे, पण तो खर्चाचा आहे. निऑन हा पश्चिम ॲमेझॉनच्या मऊ, किंचित आम्लधर्मी पाण्यातला मासा आहे. बाजारात मिळणारे निऑन बहुतेक संवर्धन केंद्रांत वाढवलेले असल्याने मध्यम जड पाणी सोसतात. ८०० टीडीएस मात्र त्यांचे आयुष्य कमी करतो. बोअरच्या एका भागात आरओचे तीन भाग मिसळले, तर आकडा अडीचशेच्या आसपास येतो. देशी बदामाची वाळलेली पाने घालून पाणी मऊ होते असे सांगितले जाते, पण एवढ्या जड पाण्यात त्या पानांनी रंग येतो, पीएच जवळजवळ हलत नाही.

टाकी किमान तीन महिने मुरलेली असावी, मासे आठ-दहाच्या थव्याने आणि दिवाळीनंतर आणावेत, आणि मेमध्ये टाकी ठेवलेली खोली २८ अंशांच्या आत राहणार नसेल, तर हा बेत सोडून द्यावा. ठेवायचेच ठरले, तर दर आठवड्याला बदलायचे पाणीही त्याच एकास तीनच्या प्रमाणात आदल्या रात्री बादलीत कालवून, मीटर बुडवून पाहूनच घालावे.